भोंगा चालू आहे, संदर्भ नाही

भाऊजी,

भोंगा कायमचा बंद पडला हे तुम्हाला कोणी सांगितलं, तेवढं आधी कळवा. मी सांगितलं नाही. पंपहाऊसच्या एकाही माणसाने सांगितलं नाही. तुमचे भाऊ सांगू शकत नव्हते, कारण ते त्याच दिवशी गेले होते. मग तुमच्या साप्ताहिकात, पहिल्याच पानावर, काळ्या चौकटीत, "माझ्या भावाच्या श्वासाबरोबर आमच्या गावाचा भोंगाही कायमचा गप्प झाला" हे वाक्य आलं कुठून? सहा वर्षं झाली त्याला. सहा वर्षं त्यांच्या जागी मी तो भोंगा रोज तीनदा वाजवत आले, सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला, आणि आता तुमच्या त्या एका वाक्यापायी माझी नोकरी आणि पंपहाऊसच्या मागची खोली दोन्ही जायची वेळ आली आहे.

नमस्कार लिहायचा राहिला. नमस्कार. जाऊबाईंचे गुडघे कसे आहेत? तेल लावायला सांगितलं होतं, लावत नसतील. तुमचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करते. माझी तब्येत ठीक आहे, डोकं सोडून. फोन केला असता, पण तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर अंकाच्या गडबडीत आहे म्हणता. म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देते आहे. पूर्वी माझी पत्रं तुम्ही लाल शाईने सुधारून परत पाठवायचात. (चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची पत्रं सुधारण्यात कसलं सुख होतं ते तुम्हालाच ठाऊक.) या खेपेला लाल शाई बाजूला ठेवा आणि नुसतं वाचा.

झालं ते असं. आमच्या ऑफिसात नवीन साहेब आला आहे. बाहेरगावचा आहे, हुशार आहे, आणि नको असलेल्या जागांची यादी करायला बसला आहे. मोबाईलवर एक ज्ञानकोश असतो. जगातल्या सगळ्या गोष्टींची माहिती त्यात असते आणि ती लोकच लिहितात, कुणीही लिहावं आणि कुणीही पुसावं. साहेबाने त्यात आपल्या गावाचं पान उघडलं. तिथे लिहिलंय की येथील पंपहाऊसचा भोंगा सहा वर्षांपूर्वी कायमचा बंद झाला. आणि इकडे हजेरीच्या कागदावर एक बाई, तिचं काम काय, तर भोंगा वाजवणे. साहेबाने मला बोलावलं आणि विचारलं की बाई, बंद असलेला भोंगा तुम्ही नक्की कसा वाजवता. मी म्हटलं, साहेब, आता पावणेबारा झालेत, पंधरा मिनिटं थांबा. मी गेले, हवा भरली, काटा लाल रेघेला लागल्यावर दांडा ओढला आणि सगळा वेळ मनातल्या मनात म्हणत होते की घे, ऐक. परत गेले तर साहेब फोनवर बोलत होता. एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट. फोन ठेवला आणि मला म्हणाला, बाहेर कसला तरी फार आवाज होता. मी म्हटलं, तोच. तो म्हणाला, तसं नको बाई, काही लेखी असेल तर दाखवा, जागा तपासणारी कमिटी या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बाराला येते आहे.

लेखी म्हणजे ते पान दुरुस्त करायचं, एवढं मला कळलं. म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवालीकडे गेले. तिच्याकडे कॉम्प्युटर आहे आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी सांगितलं, तिने टाईप केलं: भोंगा चालू आहे, मी रोज वाजवते. दोघी खूश. तिने चहा मागवला. चहा यायच्या आत वाक्य गायब. तिथे कारण लिहिलेलं होतं, संदर्भ नाही. मी म्हटलं परत लिही. परत लिहिलं, परत गेलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं आणि मी तिला टाईप करायला लावलं की ज्याने हे लिहिलं आहे त्याने दुपारी बाराला पंपहाऊससमोर येऊन उभं राहावं म्हणजे कळेल. (झेरॉक्सवाली म्हणाली, मावशी, असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, तू फक्त बोटं चालव.) यावर लाल अक्षरात उत्तर आलं की हा उत्पात आहे, आणि एक दिवस आम्हाला तिथे लिहायला बंदी. भाऊजी, माझ्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात मला शाळेतूनसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं, मी स्वतःहून बाहेर पडले होते.

बंदी उठली तेव्हा झेरॉक्सवालीने शोधून काढलं की तिथे एक मदतकक्ष असतो. अडलेल्या माणसाने तिथे प्रश्न मांडायचा, जाणकार उत्तर देतात. मी मांडला. उत्तर दिलं ते खारूताई नावाच्या कुणीतरी. खरं नाव कुणी लावत नाही तिथे. बाई आहे की बुवा तेही कळत नाही, पण माणूस सरळ आहे, अहो-जाहो करून बोलतो, आणि एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागली तरी त्याचा आवाज चढत नाही, म्हणजे चढला तरी दिसत नाही. खारूताईने समजावलं की मी स्वतः पाहिलं, मी स्वतः केलं, हे तिथे चालत नाही. छापलेलं लागतं, आणि तेही दुसऱ्या कुणी छापलेलं. त्यातून भोंगा वाजवण्यावरच माझी नोकरी असल्यामुळे त्या वाक्याला मी हात न लावलेलाच बरा. मी विचारलं, म्हणजे ज्याला त्यातलं माहीत आहे त्याने गप्प बसायचं? उत्तर आलं, गप्प नका बसू, चर्चा पानावर बोला, पण पुरावा दुसऱ्याचा आणा. दोन दिवस मला याचा राग होता. मग विचार केला की आपला साहेब असा असता तर बरं झालं असतं. पण हे तुमच्यापुरतं.

तर दुसऱ्याचा पुरावा. तो गोळा करायला मी एका दुपारी बाहेर पडले. त्या दिवशी बाराचा भोंगा देऊन तशीच धावत कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले. हा माणूस वीस वर्षं भोंगा झाला की टॉवेल झटकतो आणि जेवायला जातो. गेले तेव्हा टॉवेल त्याच्या हातातच होता. विचारलं, दादा, भोंगा ऐकला का? म्हणाला, कुठला भोंगा? म्हटलं, आपला. तर म्हणतो, वहिनी, तो भाऊ गेले तेव्हाच बंद झाला ना, पेपरात आलं होतं की. आणि टॉवेल खुंटीला लावून, दाराला कडी घालून, जेवायला निघून गेला. पुढे शिंपिणीला विचारलं, ती म्हणाली भोंगा असेलही, मशीनपुढे काही ऐकू येत नाही, आणि बोलता बोलता मशीनवर कापड टाकून ती डबा उघडत होती. सगळ्यांचं असंच. सबंध गाव माझ्या दांड्यावर उठतं आणि जेवतं, आणि विचारलं तर म्हणतं भोंगा बंद आहे. रोजचं झालं की ऐकू येत नाही. तुमच्या भावाचं घोरणं मला कधी ऐकू आलं नव्हतं, ते गेल्यावर पहिल्यांदा आलं.

मग झेरॉक्सवालीने मोबाईलवर आवाज भरून घ्यायची युक्ती काढली. भरला. तो ज्ञानकोशात चढवायचा तर आधी हा आवाज कुणाचा, तुमच्या मालकीचा आहे का, असं विचारतात. मी लिहायला सांगितलं, हवा सरकारची, दांडा सरकारचा, ओढणारी मी. चढला कसाबसा. ऐकून खारूताईने कळवलं की आवाज दणदणीत आहे, पण तो कुठल्या गावचा आणि कुठल्या दिवशीचा हे त्यावरून सिद्ध होत नाही, शिवाय शेवटी एक बाई कबुतरांना शिव्या देताना ऐकू येते, तेवढा भाग कापता येईल का. खोटं कशाला बोलू, सिद्ध होत नाही हे मलाही पटलं. कबुतरांचं मात्र मी कापू दिलं नाही.

शेवटी मी खारूताईला विचारलं, माझा पुरावा चालत नाही, मग भोंगा बंद म्हणणाऱ्याचा कुठला पुरावा चालला? उत्तर आलं, त्या वाक्याच्या शेवटी वरच्या बाजूला बारीक एकाचा आकडा आहे, त्यावर बोट ठेवा. झेरॉक्सवालीने ठेवलं. खाली तुमच्या साप्ताहिकाचं नाव आलं, तारीख आली, आणि तुमचं नाव आलं. झेरॉक्सवाली म्हणाली, मावशी, हे तुमचेच दीर का हो? मी म्हटलं, काम कर.

ते तुमचं लिखाण माझ्या ट्रंकेत आहे. चांगलं लिहिलं आहे, नाही म्हणत नाही. वाचून मी रडले होते. पण भाऊजी, आता हिशोब ऐका. तुमचे भाऊ दुपारी गेले. पाचचा भोंगा झाला नाही, ते खरं. रात्री सगळं आटोपून तुम्ही इथेच बसून तो लेख लिहिलात, आणि अंक छापायचा होता म्हणून पहाटे सहाच्या गाडीने निघालात. सातला पंपहाऊसच्या फाटकावर पहिल्या पाळीची माणसं नुसती उभी होती. भोंगा झाल्याशिवाय आत जायची त्यांना सवय नाही आणि मला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. मी उठले, तोंडावर पाणी मारलं आणि दांडा ओढला. म्हणजे तुमचं ते कायमचं चौदा तास टिकलं. तुम्ही एक गाडी चुकवली असतीत तर हे सगळं झालंच नसतं. आणि त्यानंतर सहा वर्षांत एकदाही इकडे फिरकला नाहीत. का ते मला कळतं. भाऊ नसलेल्या घरात यायला पाय उचलत नाही. पण मी त्याच घरात राहते, मला पाय उचलावाच लागतो.

म्हणून आता दुरुस्ती छापा. खारूताईने शब्द दिला आहे की त्याच साप्ताहिकात चूक दुरुस्त झाली तर पानावरचं वाक्य त्याच दिवशी बदलून मिळेल, आणि ते मी कमिटीपुढे धरीन. लांबलचक नको. त्यात श्वास, काळीज वगैरे काही घालू नका. भोंगा चालू आहे, दिवसातून तीनदा वाजतो, मागे लिहिलं ते चुकलं, एवढ्या तीन ओळी. मुलांना आशीर्वाद.

तुमची वहिनी

ता. क. वरचं सगळं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडलं. दुरुस्ती एवढ्यात छापू नका. भोंगा सोमवारी दुपारी बाराला वाजता वाजता फुटला. म्हणजे आतली पितळी चकती मधोमध चिरली. आज शुक्रवार. तुमचं वाक्य सहा वर्षं खोटं होतं आणि सोमवारपासून खरं आहे. मी खारूताईला तसं कळवून टाकलं, तूर्त तुमचं पान बरोबर आहे, हात लावू नका. खोटं छापून आणलेलं कमिटीसमोर धरणार नाही मी. उत्तर आलं, थांबते. म्हणजे बाईच आहे.

ता. क. दुसरा. पाच दिवसांत एका माणसाने विचारलं नाही की भोंग्याला काय झालं. न्हावी काल दीडपर्यंत दाढ्या करत होता, त्याची बायको डबा आपटून गेली. शिंपिणीने दोन दिवस सुनेशी भांडण काढलं आहे. सगळं गाव भुकेलं आणि चिडलेलं आहे आणि कुणाला कारण ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, पण माझा संदर्भ चालत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र यासाठीच आहे. तुमच्या भावाने एकाच पत्र्यातून दोन चकत्या कापल्या होत्या. दुसरी त्यांच्या अवजारांच्या पेटीत, तळाला, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली आहे. ती पेटी त्या पहाटे मीच तुमच्या हातात दिली होती. उघडली नसेल तुम्ही, मला माहीत आहे. आता उघडा. चकती बसवाल्याकडे देऊ नका, वाकेल. आणि नुसती चकती येऊन भागत नाही. आठ बोल्ट आहेत, समोरासमोरचे दोन एकदम आवळायचे असतात, नाहीतर चकती एका अंगाला कलते आणि भोंगा रेड्यासारखा ओरडतो. एका माणसाचं ते काम नाही. तुम्ही दोघं भाऊ समोरासमोर बसून एक, दोन म्हणत आवळायचात, मी खाली शिडी धरून असायची. आता एका बाजूला मी बसेन, शिडी झेरॉक्सवाली धरेल. दुसरा स्पॅनर रिकामा आहे.

या, बसवा, एकदा इथे उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐका, आणि मग काय छापायचं ते छापा. कमिटी उद्याच्या नाही, पुढच्या शनिवारी आहे, म्हणून मंगळवारी बाराच्या आत उत्तर हवं. त्या दिवशी बारा वाजलेले इथे कुणाला कळणार नाहीत, पण मला कळतात.