नावेत खाल्लेला महाप्रसाद

२६ जानेवारी २००३, रविवार

नावेत मी तळहात पुढे केला — तिथंच सगळं बदललं!

गंगरेल धरणावर गेलो होतो. माझा दोस्त पुष्कर, त्याच्या घरचे आणि मी. सुटी रविवारातच बुडाली म्हणून त्याचे बाबा, श्यामकांतकाका, गाडीत कुरकुरत होते. आज पुष्करला सांगायचंच, तुझी बहीण मला आवडते — एवढंच वाक्य घोकून राहिलो होतो.

नाव धरणाच्या मधोमध आली. श्रावणी समोर, ओढणी दोन्ही हातांनी धरून. पाण्यावर ऊन असं, की तिच्याकडे पाहताना डोळे मिटत होते. तेवढ्यात काकांनी खिशातून पुडी काढली. जगन्नाथपुरीचा महाप्रसाद, वाळलेल्या भाताचे दाणे. "चला रे दोघं, आज मितान व्हा. एकमेकांना भरवा."

मितान म्हणजे इथली दोस्ती, एवढंच मला माहीत. पुष्कर खूश! श्रावणीनं डोळे मोठे केले, मान हलवली. नाव डोलत होती, घाबरली असेल. मी तिच्याकडे पाहून हसलो आणि पुष्करला भरवून त्यानं दिलेले दाणे तोंडात टाकले. वाटलं — झालो घरचा! उघडलं दार!

काठावर पुष्करनं भिलाईहून आणलेली लोखंडी जाळी मांडली. बार्बेक्यू म्हणे! पनीर वरून कोळसा, आतून थंडगार. शेवटी माझे रोडगेच कामी आले. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे, बाजूला वांगी. काका म्हणाले, "पोट्ट्याच्या हाताला चव आहे हं!"

मग रमाकाकू म्हणाल्या, "श्रावणी, भावाच्या रोडग्यावर तूप सोड."

कोणता भाऊ? पुष्कर तर तिकडे नावाड्याशी गप्पा मारत होता!

तिनं माझ्या ताटात तूप सोडलं. सोडतच राहिली. वर पाहिलं नाही.

२७ जानेवारी

शर्टाला धुराचा वास. आईला धुवू दिला नाही.

२८ जानेवारी

आईला विचारलं, मितान म्हणजे नेमकं काय? ती अकोल्याची, बाबांच्या रेल्वेच्या बदलीनं इथं आलेली. तिला काय ठाऊक! तिनं शेजारच्या विमलाबाईला हाक मारली. ती पुरानी बस्तीतच जन्मलेली. म्हणते, "मितान तो सगे भाई से बढ़कर! उसकी बहन, तेरी बहन. अब मितान का नाम भी नहीं लेना, 'महापरसाद' बोलना."

"मंग चांगलंच झालं की," आई म्हणाली. "तू काहून तोंड पाडून बसला?"

ताट भिरकावलं. वरण भिंतीवर. आई फडक्यानं पुसत होती, पुसता पुसता थांबली. कळलं तिला.

"अरे पोट्ट्या... श्रावणी?"

३० जानेवारी

पुष्कर आला. नारळ, टॉवेल, मिठाईचा डबा. दारातूनच — "सीताराम, महापरसाद!" दात सगळे बाहेर. अशा माणसाला मारायचं तरी कुठं?

विचारलं, ती पुडी आली कुठून?

"बाबांनी दिवाळीपासून जपून ठेवली होती. म्हणाले, वेळ आली की देऊ."

वेळ आली की! म्हणजे काकांनी केव्हाच ओळखलं होतं. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं, मितानीची गाठ कशी बसते ते त्यांना पक्कं माहीत. प्रोफेसरची कॉलर धरून कॉलेज सोडलेला रेल्वे क्वार्टरमधला पोट्टा जावई म्हणून नको — तर करून टाका मुलगा! हाकललं असतं तर भांडलो असतो. मांडीवर घेतल्यावर माणूस भांडतो कसा?

मिठाई गल्लीतल्या कुत्र्याला घातली. तेही हुंगून निघून गेलं.

४ फेब्रुवारी

समता कॉलोनीत तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. सायकल वळवली.

८ फेब्रुवारी

काकांचा फोन. उद्या नागपूरचे लोक श्रावणीला बघायला येतायत. "भाऊ म्हणून तू पाहिजेसच! आणि अंगणात रोडगे लाव बेटा, त्यांना फार आवडतात."

बेटा!

जाणार. सगळ्यांसमोर बोलणार. मोडली मितानी तर मोडू दे! विमलाबाई म्हणते पाप लागतं. लागू दे! तिनं एकदा हो म्हणावं फक्त.

९ फेब्रुवारी, रविवार

रोडगे घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती एकटीच, साडीत. माझ्याशी नेहमी हिंदीत बोलायची. आज मराठीत बोलली.

"नावेत मी मान हलवून राहिली होती. खाऊ नको म्हणून. तू माझ्याकडे पाहून हसला अन् खाल्लं. मले वाटलं, तुले हेच पाहिजे. काल बाबांना या स्थळाले हो म्हटलं मी."

बैठकीतून काकांचा आवाज — "श्रावणी, भावाला घेऊन बाहेर ये गं!"

ताट तिच्या हातात दिलं. मागच्या दारानं निघालो. दार ओढून घेतलं.