पहिल्यांदा नाही म्हणायचं

२४ मे

टक् — टक्‌टक् — टक्. गुरुजींच्या लाकडी रुळाचा टेबलावरचा ठेका. पाचवीचा वर्ग, खिडकीबाहेर मोहाचं झाड, आणि आम्ही सगळे माना डोलवत एका चालीत कविता म्हणतो आहोत! दुपारी खाटेवर पडल्या पडल्या तोच आवाज आला. डोळे उघडले तर कूलरची जाळी खटखटत होती. भिलाईच्या कॅम्प-१ मधली मे महिन्याची दुपार. भंडाऱ्याकडची ती शाळा केव्हाच पडली असेल.

उन्नती गेली आज. माझी नात — जर्मनीला! तिच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं काही मुलं निवडली. तीन आठवडे तिकडच्या कारखान्यात शिकायचं आणि एकेकानं तिथल्या एकेका घरी राहायचं. जाताना पाया पडायला आली. "आबा, कुछ तो सिखाओ जाता-जाता."

म्हटलं, "परक्याच्या घरी पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तर थोडंसं घ्यायचं. नाहीतर म्हणतील, हावरट आली."

"हे तं मले बचपन से पाठ आहे, आबा!"

तेजराम, तिचा बाप, माझा एकुलता एक, खाली गाडी सुरू ठेवून उभा होता. वर आला नाही. होळीच्या सुमाराला म्हणाला होता, "बाबा, स्मृती नगरले या ना आमच्याकडे. मागची खोली खालीच आहे." मी म्हटलं, "नाही रे, मी इथं बरा आहो." तो म्हणाला, "बरं." झालं! तेव्हापासून मी दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहून राहिलो. खरं तर थकलो आता. खालच्या नळावरून पाणी वर आणा, एकट्यापुरता कुकर लावा, अन् त्याची शिट्टी ऐकणाराही मीच. कमला असती तर तिनंच पोराच्या कानात सांगितलं असतं — तुझा बाप नाही म्हणते, पण त्याले यायचं आहे. ती गेली आणि माझ्या बोलण्याचा अर्थ सांगणारं माणूसच गेलं.

२५ मे

पोहोचली. फोटोत मागे लालचुटूक कौलं. स्वेटर घातला आहे पोरीनं. इथं माझ्या हाताला पाण्याचा तांब्या गरम लागतो.

२८ मे

फोन आला. ज्या घरी राहते तिथं एक म्हातारी एकटीच असते — केलरबाई. माझ्याहूनही मोठी. सायकल चालवते म्हणे! उन्नती सांगत होती — रात्रीचं जेवण उजेडातच होते, सूर्य मावळतच नाही लवकर. रस्त्यात अनोळखी माणूसही नमस्कार करतो, पण घरी ही बाई कधी 'कुठं चालली' विचारत नाही. सिग्नल लाल असला तर रिकाम्या रस्त्यावरही उभे राहतात. "आबा, एकही गाडी नाही, अन् मी उभी! भिलाईत असं उभी राहिली असती तर लोकांनी विचारलं असतं, तबियत ठीक है ना?"

"जेवली काय?"

"हो."

त्या 'हो'मध्ये जीव नव्हता.

२९ मे

पाणी आणताना मधल्या पायरीवर बसलो. शाळेतल्या कविता मनातल्या मनात म्हटल्या. एकीचं तिसरं कडवं आठवेना. इतकं वाईट वाटलं, जणू कोणी नातलग गेला!

३१ मे

पोर उपाशी आहे!

आज रडली. केलरबाई पहिल्या दिवशी म्हणाली, आणखी ब्रेड घेशील? ही म्हणाली, नको. बाईनं ताट उचललं, धुतलं, कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. सूप घेशील? नको. संपलं! ही दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहत बसलेली. "आबा, मी पिशवीतला चिवडा खाऊन राहिली. तो बी खतम झाला. आज वर्कशॉपमध्ये चक्कर आली मले."

"अगं, मग मागून घ्यायचं!"

"कसं मागू? तुमीच तं सांगितलं, पहिल्यांदा नाही म्हणायचं!"

खरंच, मीच सांगितलं होतं.

आमच्या पोलादाच्या प्लांटमध्ये रशियन इंजिनिअर होते तेव्हाची गोष्ट आठवली. आम्ही डबा पुढे करायचो — घ्या साहेब. ते लगेच घ्यायचे! सगळीच भाकर! माघारी आम्ही हसायचो, काय हावरे लोक आहेत. आमच्या घासाला त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, ही आमची समजूत. त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल, किती प्रेमळ लोक आहेत.

तिला म्हटलं, "उद्या पहिल्यांदाच हो म्हण. हावरट तर हावरट."

२ जून

म्हणाली 'हो'! बाईनं उकडलेले बटाटे, अंडी, काकडी, सगळं वाढलं. मग उन्नतीनं धीर करून विचारलं, तुम्ही पुन्हा का विचारलं नाही? केलरबाई म्हणाली, "तू नको म्हणालीस. पुन्हा विचारणं म्हणजे तुझ्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, असं झालं असतं."

म्हणजे तिकडं ज्याला मान म्हणतात, त्याला आपण कोरडेपणा म्हणतो.

पोरगी पुढं म्हणाली, "आबा, तुमाले स्मृती नगरले यायचं आहे ना? मले मालूम आहे. मग पप्पाले सरळ सांगून द्या ना."

"तू सांगू नको त्याले. शपथ आहे."

"मी नाही सांगत. तुमीच सांगा."

इतका उघडा पडलो होतो काय मी?

५ जून

आज मन हलकं आहे. तिकडं कारखान्यातल्या वर्गात प्रत्येकानं आपल्या देशाचं काहीतरी सादर करायचं होतं. कोणी नाच, कोणी गाणं. हिनं काय केलं? मी लहानपणी मांडीवर बसवून शिकवलेली शाळेची कविता म्हटली! मराठीत! टेबलावर बोटांनी ठेका धरून. समजलं कोणालाच नाही. आणि संपल्यावर टाळ्या नाहीत — सगळ्यांनी आपापल्या बाकावर बोटांची हाडं आपटली. टक् टक् टक् टक्! तिकडच्या वर्गात शाबासकी अशीच देतात म्हणे. तिनं फोनवर ऐकवलं. पोरीला काय ठाऊक तिनं मला काय ऐकवलं ते! मी फोन कानाला लावून आमच्या पाचवीच्या वर्गात जाऊन आलो. ते विसरलेलं तिसरं कडवंही आठवलं.

ठरवलं. उद्या स्मृती नगरला जातो आणि तेजरामला तोंडानं सांगतो — मला यायचं आहे.

६ जून

मागच्या खोलीत दौलतराव.

रेणूचे, सुनेचे, वडील. माझे इवाई. बोरसीला एकटेच असतात. रेल्वेतून रिटायर झालेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं परवा. रेणूनं विचारलं, बाबा, आता इथंच राहता काय? ते म्हणाले, "हो, काहून नाही!" पहिल्याच वेळी! पलंगावर हिरवा चष्मा लावून बसले होते, पायाशी त्यांचा ट्रान्झिस्टर. "जयभीम, जानरावजी! या, बसा!" माझ्याच मुलाच्या घरी मला या-बसा.

तेजराम ड्युटीवरून आला. माझ्या चेहऱ्यानंच चुगली केली असेल. स्वयंपाकघराच्या दाराशी हळूच म्हणाला, "बाबा, तुमाले तं विचारलं होतं मी. तुमीच नाही म्हणाले."

"बरोबर आहे," म्हटलं. बरोबरच आहे! त्याची काय चूक? पोराला मी खरं बोलायला शिकवलं आणि त्यानं माझंही बोलणं खरं मानलं.

जेवायला बसलो. रेणूनं विचारलं, "बाबा, पोळी?" भूक होती. तोंडातून निघून गेलं, "नको." ती टोपलं घेऊन दौलतरावांकडे वळली. त्यांनी दोन घेतल्या.

ऑटोनं घरी आलो. जिना चढायला फार वेळ लागला.

८ जून

काही नाही. ऊन.

१० जून

उन्नतीनं विचारलं, "सांगितलं काय, आबा?" मी म्हटलं, "इथंच बरं आहे मले. हवा येते." ती म्हणाली, "आबा, हे पहिल्यांदावालं नाही आहे, की खरंवालं?"

लाईन खराब आहे म्हणून फोन ठेवला.

केलरबाईबद्दल विचार करतो. एकटी राहते, पण कोणाच्या दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत नाही. त्यामुळे तिचं एकटेपण थोडं हलकं असेल काय? कोण जाणे. तिलाही कधी वाटत असेल, कोणीतरी विश्वास न ठेवता पुन्हा विचारावं.

१२ जून

संध्याकाळी कडी वाजली. दूधवाला असेल म्हणून उघडलं तर — दौलतराव! हिरवा चष्मा, एका हातात पिशवी, काखेत उशी. जिना चढून धापा टाकत होते.

"दिवसभर दोघंही ड्युटीवर, जानरावजी. बाहेरून कुलूप लावून जातात, की म्हातारा पडनगिडन. चार भिंती अन् मी. हो म्हणून फसलो राजेहो! आता पोरीले नाही कसं म्हणू? तिले सांगून आलो, जानरावजीनंच बोलावलं." मग चष्म्यामागून माझ्याकडे पाहत, आवाज खाली करून — "मले ठेवून घेता काय इथं?"

एकदाच विचारलं त्यांनी.

मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली.