वायर काढल्यावर

दारव्हा, १४ नोव्हेंबर २०२४

साधना,

वायर अजून माझ्या मांडीवर आहे. तू मजेत असशील, असं आज लिहिता येत नाही. तुमच्या लॅबची मेल सरही वाचतात, म्हणून कागद घेतला.

तुझी आई परवा बाजारात भेटली. "आमची साधना पुण्यात दोनशे कम्प्युटर चालवून राह्यली," म्हणाली. मी हसले. माझ्या प्रबंधाला तीन मिळाले होते. एवढ्यावर काय सिद्ध होणार, म्हणून तो परत आला. विषय हाच होता: एक मशीन बंद पडलं तरी बाकीच्यांनी काम सांभाळायचं. तू तो माझ्याच टेबलाशी बसून शिकलीस.

आज परीक्षकांसमोर तुझी चाचणी. पुण्याबाहेरची तीनच मशीन: यवतमाळ, महागाव, दारव्हा. दारव्ह्याचं माझ्या ताब्यात. तिन्ही मशीनवर कापसाच्या भावाच्या त्याच नोंदी. ठरल्याप्रमाणे महागावचं बंद झालं. उरलेल्या दोघांनी काम चालू ठेवलं. फोनवर तुझ्या मागून टाळ्या ऐकू आल्या.

मग मी दारव्ह्याची वायर काढली.

"मॅडम, कायले काढून राह्यल्या?" इथला शिपाई लखीराम म्हणाला. "महागाव तं बंदच हाय ना."

"चाचणी आहे."

"हे कोनती चाचणी?"

मला वाटलं, एकटं पडलं की यवतमाळचं मशीन वाटेल ते खरं मानून नोंदी घेत राहील आणि सगळ्यांसमोर चुकेल. माझं असंच चुकायचं. तुझं थांबलं. दुसऱ्या कुणाशी पडताळल्याशिवाय नवी नोंद घेणार नाही, एवढं सांगून थांबलं.

तू विचारलंस, "ताई, दारव्हा दिसून नाही राह्यलं. मशीन सुरू हाय ना?"

"सुरू आहे," मी म्हणाले.

स्क्रीन सोडून तू माझं खरं मानलंस.

परीक्षकांचा शेरा तूच वाचून दाखवलास: एक मशीन बंद पडताच सगळी यंत्रणा थांबते. दोन बंद होती, साधना. दोन बंद असताना थांबणं हेच बरोबर. पुण्यात हे कुणालाच माहीत नाही.

लाईट गेली होती, असं लिहिणार होते. नाही लिहिलं. तू फोनवर रडत होतीस आणि मला बरं वाटत होतं. अजून वाटतंय.

तुझ्या यशाचा आनंद न झालेली,
ममताताई

ता. क. शुक्रवार. सकाळी सरांना फोन करून वायरीचं सांगितलं. चाचणी पुन्हा घेणार आहेत. दारव्ह्याच्या खोलीची किल्ली परत करा, म्हणाले. केली.