चुना लागलेलं बोट

नागाव, सोमवार, १९३३

देवळातल्या बैठकीहून आत्ताच आलो. शेजारच्या सखारामभाऊंना वाळीत टाकलं. विधवा लेकीचं पुन्हा लग्न लावलं म्हणून. वाटेत बाबूअण्णा म्हणाले, "मास्तर, मी विरोध करणार होतो हो, पण तुम्हीच गप्प." आणि मी अण्णा गप्प म्हणून गप्प! मग हे हवं होतं तरी कुणाला?

काहीच वाटत नाही. राग नाही, लाजही नाही. डोळ्यांपुढे फक्त ते चुना लागलेलं बोट.

"मान्य असेल त्यांनी हात वर करा," पंच म्हणाले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हात वर गेले. सखारामभाऊ पान लावत होते. त्यांनीही इकडेतिकडे पाहिलं आणि चुन्याच्या बोटासकट हात वर केला.

कुणी हसलं नाही. पंचांनी तोही हात मोजला.