बिनसाखरेचा चहा

रीगा, मंगळवार

प्रिय सईदा,

मी बरा आहे, गोळ्या घेतो. तुझा अंजिराचा मुरंबा माझ्या बुद्धिबळ संघातल्या पोरांनीच फस्त केला.

काल आमच्यातल्या एका पोरानं माझ्या वहीतली नवी चाल खेळली. वही तर बाकूच्या घरातून कधी हललीच नाही. तरी समोरच्यानं झटक्यात तोड काढली, डाव गेला. त्याचा कोच नातिक, माझाच जुना शिष्य. मी नसताना हा गृहस्थ तीनदा चहाला आला होता ना?

संध्याकाळी भेटला, तर डावाबद्दल चकार शब्द नाही. "सर, आयतेन बरी आहे ना?" म्हणाला. कान लाल झाले होते लेकाचे.

त्याच्या घरचे मागणी घालायला आलेच, तर चहात साखर घालून होकार देऊ नकोस. आधी लेकीला विचार, त्याला वही कुणी दाखवली?

तुझा, तू संशयी म्हणतेस तोच,
रौफ