रविवारचं डिफ्रॉस्ट

मंगळवार, २७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. रक्तातला कॅन्सर जवळजवळ दिसेनासा झालाय. डॉक्टरीणबाई खूश, बायको रडली, मी शांत. मला ठाऊकच होतं. बाईंनी नेहमीचं पुराण पुन्हा लावलं: गोळी रोज ठरल्या वेळी, खाल्ल्यावर, ग्लासभर पाण्याबरोबर. चावायची नाही, कुटायची नाही, मनाने बंद करायची नाही. राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. मान डोलावली. उभा जन्म फ्रिज दुरुस्त करण्यात गेला, मला सूचना काय शिकवता?

शुक्रवार, १ मार्च
आरशात पाहिलं. डोळे सुजलेले, पोटऱ्या आवळून आलेल्या. सगळा गोळीचा प्रताप. चोर पळाला, पण हा राखणदार काही दारातून हलत नाही.

रविवार, ३ मार्च, सकाळी
सुचलं! फ्रिज सतत चालला की बर्फ साठतो. मग आपण काय करतो? बंद करतो, बर्फ वितळू देतो, परत चालू. दुप्पट जोमाने गार करतो. शरीर काय वेगळं असतं? आजपासून दर रविवारी डिफ्रॉस्ट.
नाश्त्यानंतर बायकोने रोजच्यासारखं विचारलं, घेतली का. घेतली म्हणालो. टेक्निकल गोष्टी घरात समजावण्यात अर्थ नसतो.

सोमवार, ४ मार्च
आज बरे दिसताय, असं ही स्वतःहून म्हणाली. सिद्ध झालं.

बुधवार, २० मार्च
आइस्क्रीमवाल्याचा फोन, डीप फ्रीझर गार करत नाही. जाऊन बघतो तर काय, महाशय रोज दुकान बंद करताना फ्रीझरही बंद करतात. म्हणे, मशीनला जरा आराम! सगळ्या मालाचं पाणी. दारावर कंपनीने ठळक लिहिलंय की आपल्या मनाने बंद करू नये. वाचतो कोण? चांगला फैलावर घेतला. लोक दीडशहाणे असतात.
रविवारचा एवढा गुण येतोय, तर बुधवारीही सर्व्हिसिंग का नको? आज गोळी नाही.

सोमवार, ८ एप्रिल
डिफ्रॉस्ट जरा लांबलं, शुक्रवारपासून गोळी राहिलीच. भरपाई म्हणून आज दोन गोळ्या एकदम. व्यवहाराला मी चोख आहे.
दुपारी: उलट्या. एका गिऱ्हाईकाच्या फ्रिजमध्ये डोकं घालून गारव्याला बसलो. त्याला वाटलं, तपासणी चाललीय.
संध्याकाळी: बायकोला सांगितलं, सकाळची भाजी शिळी होती. भांडेल म्हणून तयारीत होतो, पण तिने उरलेली भाजी उचलून केरात टाकली.

गुरुवार, ११ एप्रिल
ही आता प्रत्येक भाजी तीनतीनदा हुंगते. जरा अतिच करते.

मंगळवार, ७ मे
रक्त दिलं. बाईंना डिफ्रॉस्टची पद्धत रिपोर्टनंतरच सांगायची, असं ठरवलंय. इतर पेशंटांनाही उपयोग होईल.

मंगळवार, १४ मे
कॅन्सरचा आकडा वर गेलाय. चांगलाच वर.
गोळ्या चुकल्या का, असं बाईंनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, एकसुद्धा नाही, मी रोज विचारते. आता यावर मी काय बोलणार? बाई म्हणाल्या, नियमित घेऊनही वाढतंय म्हणजे गोळी बहुतेक लागू पडेनाशी झालीय. पुन्हा तपासू, मग दुसरं औषध, जास्त कडक. तेही नाही चाललं तर… पुढचं मला ऐकू आलं नाही. बायकोने हात फार जोरात धरला होता.
संध्याकाळी: दगा! शुद्ध दगा. ज्या गोळीवर विश्वास टाकला तिने केसाने गळा कापला. पण गोळी बिचारी स्वतः काय करणार? गोळी देतो कोण? मेडिकलवाला. तो चष्मिष्ट, गोडबोल्या. मुखात राम, बगलेत सुरी! नकली माल खपवतोय.
उद्या त्याला चव्हाट्यावर आणणार. बायकोला साक्षीदार म्हणून नेणार.

बुधवार, १५ मे
भर दुकानात त्याला चोर म्हटलं. चार गिऱ्हाइकं थांबली, मला हुरूप आला. त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, काका, दगा तर तुम्ही दिलात. दर महिन्याला ठरल्या दिवशी यायचात. हल्ली आठ-आठ, दहा-दहा दिवस उशीर. मी समजून गेलो, तुम्ही दुसरं दुकान धरलंत. वाईट वाटलं, पण बोललो नाही.
बायकोने मला विचारलं, दुसरं दुकान कुठलं?
मग तिथेच काउंटरपाशी डिफ्रॉस्टचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. कोणालाही पटल्याचं दिसलं नाही. घरी येईपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

गुरुवार, १६ मे
तिने बाईंना फोन करून सगळं सांगितलं. माझ्या पाठीमागे नव्हे, समोर बसून. बाई मला भरपूर बोलल्या. मग म्हणाल्या, खरं कळलं ते बरं झालं, कदाचित गोळी अजून चालेल. रोज घ्या, महिन्याभराने बघू. कदाचित.
फोन ठेवल्यावर ही म्हणाली, तपासायला म्हणून नव्हते विचारत मी. तुमचं ते ‘घेतली’ ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा, मग मी दिवसाच्या कामाला लागायचे.
मग तिनेच विचारलं, भाजी शिळी नव्हती ना?
नव्हती म्हणालो.

रविवार, १९ मे, नाश्त्यानंतर
गोळी घेतली. आज हिने विचारलंच नाही. मीच सांगितलं, घेतली. ती उठली, माझ्या हत्यारांच्या पेटीतला टॉर्च घेऊन आली आणि म्हणाली, आ करा.
केला.
म्हणाली, जीभ वर.
केली. टॉर्चचा उजेड मंद होता, म्हणून खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं.
उद्यासाठी मीच नवे सेल आणून ठेवलेत.