अधिकाऱ्याला शोभणारे शब्द

४ ऑगस्ट, सकाळ
दूध संघात संकलन अधिकाऱ्याची जागा निघाली. मुलाखत वीस तारखेला. चौदा वर्षं दुधाची फॅट मोजतोय, अनुभवाचा प्रश्नच नाही. कमी पडतं ते भारी इंग्रजी. निर्धार: रोज दहा अवघड शब्द.

५ ऑगस्ट
दहा म्हणजे घोकंपट्टी. रोज एकच, पण पक्का. आजचा: इनडिफॅटिगेबल. न थकणारा. पाचव्यांदा म्हणताना डोळा लागला.

८ ऑगस्ट
मधले दोन दिवस उजळणी.
आजचा: लॅकॉनिक. मोजकं बोलणारा. संयोगिताला अर्धा तास समजावला. अधिकाऱ्याची बायको होणार, तयारी हवी. शेवटी तिनं विचारलं, "झालं? मग गोठ्याचं पत्रं कवा बदलताय? म्हशीच्या अंगावर गळतंय." तिची झेप तेवढीच.

१२ ऑगस्ट
आजचा: मॅग्नॅनिमस. मोठ्या मनाचा.
अक्काताईंच्या दुधाला फॅट कमी लागली. त्या चिडल्या. म्हटलं, बी मॅग्नॅनिमस. त्या कॅन उचलून चालू लागल्या. आमच्याच केंद्रावरची पूर्णिमा मागं धावली, चहा पाजून परत घेऊन आली. तिनंही त्याच जागेसाठी अर्ज केलाय. इंग्रजी कच्चं. वाईट वाटलं.

१७ ऑगस्ट
सम्राटच्या दुकानात फ्लेक्स छापून घेतला. गणपतीत त्याला सवड नसते, म्हणून आत्ताच. दहा बाय आठ. गॉगलमधला फोटो, वर 'हार्दिक अभिनंदन', खाली 'इनडिफॅटिगेबल अधिकारी रुद्रेश'. सम्राट म्हणाला, "मुलाखत व्हायची हाय की अजून." म्हटलं, औपचारिकता.

२० ऑगस्ट, दुपार
मुलाखत उत्तम. चेअरमननी विचारलं, दुधात पाणी घालणाऱ्या बाईला काय म्हणशील? सहा मिनिटं बोललो. सगळे शब्द बसवले. मग ते म्हणाले, "व्हय, पण बाईला काय म्हणशील?" मी तेच पुन्हा म्हटलं, सावकाश.
नंतर पूर्णिमा. दाराला कान लावला. तोच प्रश्न. तिचं उत्तर, "मावशी, आज म्हैस लई पाणी प्यालीया वाटतं." आत सगळे टेबल बडवून हसले. बिचारीचं हसं झालं.

२३ ऑगस्ट
पूर्णिमाची नेमणूक. वशिला असणार. फ्लेक्स गुंडाळून पलंगाखाली सारला. घरात कुणाला पत्ता नाही.

२५ ऑगस्ट, संध्याकाळ
फ्लेक्स पलंगाखाली नाही. गोठ्यावर आहे. छापील बाजू आतून. खाली म्हैस निवांत रवंथ करतेय आणि बरोबर तिच्या डोक्यावर 'इनडिफॅटिगेबल अधिकारी'.
संयोगिताला जाब विचारला. आत्मसन्मान, परवानगी, माझा फोटो. सहा मिनिटं तरी बोललो असेन.
ती म्हणाली, "गळत हुतं."
याला लॅकॉनिक म्हणतात, हे सांगायला तोंड उघडलं. तिनं हातात धारेची बादली दिली.